आठवं प्रकरण कुणाचं

१२ ऑगस्ट

प्रिय ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो, पण गेल्या वेळी तू 'हो, बरं, ठेवते' एवढ्यावर मला वाटेला लावलंस, म्हणून आता कागद. घरचा पिन कोड काही केल्या आठवेना, तेव्हा तुझ्या छापखान्याच्या पत्त्यावर टाकतोय.

बातमी चांगली आहे. भाऊकाकांना जाऊन यंदा पन्नास वर्षं झाली. आमच्या देशात लेखक गेल्यावर पन्नास वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो, आणि ते चालू वर्ष सरावं लागतं. म्हणजे येत्या एक जानेवारीला काकांची 'कपाटराणी' इथे मोकळी. कुणीही छापावी, कुणाची परवानगी नको. आणि छापणार कोण, तर मी. माझा प्रकाशनाचा पसारा तुला माहीत आहे, दोन खोल्या, एक कारकूनबाई आणि माझी कंबरदुखी. पण लोक विसरलेली पुस्तकं आम्ही नेटकी काढतो. आपली भाषा वाचणारे इथे कमी नाहीत.

तुमच्याकडे मुदत साठ वर्षांची, त्यामुळे तिथे अजून दहा वर्षं हक्क तुम्हा दोघी बहिणींचा. माझी मुलगी राहते तिथे सत्तर. एकच पुस्तक, एकाच दिवशी माझ्याकडे मोकळं, तुझ्याकडे कुलपात आणि मुलीकडे डबल कुलपात. कायदे करणाऱ्यांनी एकदा एकत्र बसून जेवायला हरकत नव्हती.

लहानपणी मी ते पुस्तक अकरा वेळा वाचलं. आठवं प्रकरण तर तोंडपाठ होतं. राणी कपाटात दडून वारलेल्या आईच्या कपड्यांशी बोलतेय, आणि बाहेर पाहुणे हसून बेजार. धाकटीला सांग, तिची कपाटराणी पुन्हा येतेय म्हणून.

तुझा,
बंडू


२ सप्टेंबर

बंड्या,

पत्र छापखान्याच्या पत्त्यावर टाकलंस, हा शहाणपणा तुझ्या हातून चुकून झाला. पुढेही इथेच टाक. घरचं टपाल धाकटी उघडते आणि फोनही तीच उचलते.

पुस्तक काढायचं नाही. आजवर सहा प्रकाशक येऊन गेले, सहाही जणांना मी चहा पाजून परत पाठवलं. तू सातवा, आणि घरचा, म्हणून कारण सांगते.

धाकटी आता बासष्ट वर्षांची आहे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने तिला पहिल्यांदा 'या कपाटराणी' म्हटलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. मग त्याचा मुलगा म्हणायला लागला, आता नातू म्हणतो. त्या नातवाने पुस्तक डोळ्यांनी पाहिलेलं नाही, नाव मात्र दुकानाबरोबर वारशाने मिळालं. शाळेत शिकवायला लागली होती, तीन आठवड्यांत मुलांना कळलं. वर्गातल्या कपाटात बसून पोरं तिला हाका मारायची. चौथ्या आठवड्यात ती गेली नाही. तेव्हापासून घरात बसून लोकांचे कपडे दुरुस्त करते. झिपा, अस्तर, उसवलेल्या शिवणी. दोरे संपले की दुपारी दोन वाजता जाते, दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा.

आणि तुला जे प्रकरण तोंडपाठ आहे ना, ते वाचल्यापासून ती भाऊंशी एक शब्द बोलली नाही. आई गेल्यानंतर ती त्या कपाटात जे बोलायची, ते भाऊंनी दाराला कान लावून ऐकलं आणि जगाला विकलं, असं तिने धरलं. पुढच्याच वर्षी भाऊ आजारी पडले. तीन आठवडे दवाखान्यात होते, रोज विचारायचे, धाकटी आली का. ती गेली नाही.

एवढं पुरे आहे ना?

ताई


२० सप्टेंबर

प्रिय ताई,

वाचून वाईट वाटलं. धाकटी भाऊकाकांना भेटायला गेली नव्हती, हे मला माहीत नव्हतं. माझी आई म्हणायची, तिला ताप होता.

पण एक बोलू? रागावशील, तरी बोलतो. पन्नास वर्षं तू त्या पुस्तकावर बसून आहेस. धाकटीचं नाव पुढे करतेस, पण वडिलांच्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागू नये, असं तर नाही ना तुझं? तू तिला विचारलंस का? बासष्ट वर्षांची बाई आहे ती, तुझ्या कडेवर नाही.

कायद्याने इथे मला तुझी परवानगी लागत नाही. विचारलं ते नात्यापायी. माझा एक नियम आहे, हक्क संपलेलं पुस्तक काढायचं झालं तरी लेखकाच्या प्रत्येक वारसाला महिनाभर आधी रजिस्टर पत्राने, देशवार मुदतींचा तक्ता जोडून कळवायचं. कायदा मागत नाही, मीच पाळतो. इतर प्रकाशक मला यावरून हसतात.

तुमच्या देशात एकही प्रत विकणार नाही. संगणकावर वाचायला ठेवीन तेही तुमच्याकडे उघडणार नाही अशा बेताने. मग तर झालं?

बंडू


११ ऑक्टोबर

बंड्या,

झालं नाही. तुमच्याकडे उघडलेली वस्तू इथल्या औषधवाल्याच्या नातवाच्या फोनवर यायला किती वेळ लागतो, हे तुलाही कळतं. पानाचे फोटो काढून पाठवतात लोक. देशांच्या हद्दी तुझ्या तक्त्यात आहेत, फोनमध्ये नाहीत.

विचारायचं आहे ते वेगळंच. आमच्या छापखान्यात कायद्याच्या पुस्तकांची प्रुफं वाचणारी एक बाई आहे. ती म्हणते, पुस्तक दोघांनी मिळून लिहिलं असेल तर मुदत दोघांतला शेवटचा माणूस गेल्यापासून मोजतात. तुमच्याकडेही असंच आहे का?

हे का विचारते, ते आता लिहिते. दोनदा लिहून फाडलं आहे.

भाऊंचं अक्षर वाईट होतं. त्या वर्षी मी सोळा वर्षांची होते. ते सांगायचे, मी वहीत लिहून घ्यायची, आणि लिहिता लिहिता सुधारायची. पुढे पुढे ते नुसतं 'आज काय करूया' एवढंच म्हणायचे. गल्लीतली माणसं, पाहुणे, तो बहिरा घड्याळजी, हे सगळे त्यांचे. कपाटातली मुलगी माझी.

धाकटी आत काय बोलते, हे भाऊंना माहीत असायचं कारणच नव्हतं. ते दिवसभर कामावर असायचे. तिने ते मला सांगितलं होतं. आम्ही एका पलंगावर झोपायचो. 'कुणाला सांगू नकोस' म्हणून सांगितलं होतं, आणि मी ते वहीत उतरवून, वर मीठमसाला लावून, भाऊंना वाचून दाखवलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसला. आई गेल्यापासून हसले नव्हते. मला फार बरं वाटलं, बंड्या. त्या एका हसण्यासाठी मी अजून चार पानं लिहिली.

पुस्तकावर तुझं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. पुढे धाकटीने बोलणं टाकलं, तेव्हा ते माझ्याकडे बघायचे आणि मी खाली बघायची. दवाखान्यातही त्यांनी सांगितलं नाही. माझ्यासाठी गप्प बसले, आणि मी त्यांना गप्प बसू दिलं.

तर मी अजून जिवंत आहे. मुदत माझ्यापासून मोजता येत असेल तर सांग.

ताई


३० ऑक्टोबर

ताई,

मी तुला जे लिहिलं होतं, वस्तूला हात लागू नये वगैरे, ते परत घेतो.

वकिलांना विचारलं. तुझी ती प्रुफंवाली बाई बरोबर आहे. कोणी काय लिहिलं हे वेगळं काढता येत नसेल, तर ते दोघांचं पुस्तक, आणि घड्याळ शेवटचा लेखक गेल्यावर सुरू होतं. म्हणजे तू असेपर्यंत कुठल्याच देशात सुटत नाही. तू गेल्यावर इथे पन्नास, तुमच्याकडे साठ, मुलीकडे सत्तर. आपल्यातलं कुणी ते बघायला उरणार नाही.

पण तोंडी चालत नाही. तुझ्या सहीचं निवेदन हवं, वहीच्या पानांच्या प्रती हव्यात, आणि काकांच्या दुसऱ्या वारसाने 'मी हे वाचलं, मला मान्य आहे' अशी सही करायला हवी. दुसरी वारस म्हणजे धाकटी. मी वकिलांशी बराच वाद घातला. ते म्हणाले, काकांचा हक्क दोघींकडे आला, एकीने परस्पर त्याचा वाटेकरी वाढवला असं होत नाही.

म्हणजे पुस्तक तिच्यापासून लांब ठेवायचं तर आधी तिला हे सांगावं लागणार. मला दुसरी वाट दिसत नाही. तुला दिसली तर कळव.

बंडू


१८ नोव्हेंबर

बंड्या,

सोबत माझं निवेदन आणि वहीच्या आठव्या प्रकरणाच्या प्रती. सही स्पष्ट केली आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा केल्या, स्वतःची चूक एवढ्या नीट अक्षरात पहिल्यांदाच लिहिली.

उद्यापासून मी आत जाते. निवृत्त झाले तरी प्रुफं तपासायला मी इथे येतेच, आणि परीक्षांच्या हंगामात मला आत बोलावतात. प्रश्नपत्रिका छापून, मोजून, रवाना होईपर्यंत आम्ही बावीस जणं छापखान्यातच राहतो. फोन दाराशी जमा. खिडक्यांना बाहेरून पांढरा रंग. पत्र आलं तर अधीक्षक आधी वाचतात, पाठवलं तरी तेच वाचतात. माणसं कंटाळतात, मला दरवर्षी बरं वाटतं. आत असेपर्यंत कुणी काही विचारत नाही.

बारा डिसेंबरला सुटका. त्याच दिवशी घरी जाऊन धाकटीला मी स्वतः सांगेन. काय शब्द वापरायचे ते आत बसून ठरवते. तोवर तिच्याकडे काही जाता कामा नये. तिने हे माझ्या तोंडून ऐकायला हवं, कागदावर वाचायला नको. एकदा कागदावर वाचून झालं आहे तिचं.

ताई


३ डिसेंबर
(अधीक्षकांमार्फत, कुरिअरने)

ताई,

अधीक्षकसाहेब, हे पत्र घरगुती आहे, कृपया ताबडतोब द्यावं.

ताई, माझ्याकडून घोटाळा झाला. माझा तो नियम, महिनाभर आधी प्रत्येक वारसाला रजिस्टर पत्र. मी चार दिवस मुलीकडे गेलो होतो. कारकूनबाई वीस वर्षं माझ्याकडे आहे, जानेवारीच्या यादीतलं एकही नाव ती कधी विसरत नाही. तिने फाइल उघडली, वारस दोन, पत्ते दोन. तुझं निवेदन वर लावलेलं होतं, तेव्हा नियमाप्रमाणे त्याचीही प्रत जोडली, वहीच्या पानांसकट. धाकटीचं पाकीट अठ्ठावीस तारखेला गेलं. मी कारकूनबाईला थांबायला सांगितलं नव्हतं. तुझं पत्र मी खिशात घेऊन फिरत होतो, फाइलला लावायचं सुचलं नाही.

काय करू ते सांग.

बंडू


७ डिसेंबर

बंडू,

पत्र आज हातात पडलं. अधीक्षकांनी वाचून दिलं आणि देताना माझ्याकडे बघितलं नाही.

घरी फोन कर. मला इथून करता येत नाही, हे पत्र तेवढं अधीक्षक वाचून आजच ई-मेलने पाठवतायत. मी विचारलं, त्यांनी नियम दाखवला. रडूनही बघितलं, सदुसष्टाव्या वर्षी. ते म्हणाले, बाई, दर हंगामाला कुणाचं तरी कोणीतरी आजारी असतं.

तिला सांग, पाकीट चुकून गेलं. वकिलाने पुस्तक अडवायला रचलेला कागद आहे, खरा नाही, असं सांग. माझं अक्षर भाऊंसारखंच होतं म्हण. काहीही म्हण. खोटं बोल, बंड्या, पाच दिवसांपुरतं बोल. मी बाहेर आले की खरं सांगते.

टपालवाला अकराला येतो. तेव्हा ती मशीनवर बसलेली असते, उठून हात पुसून सही करते. पाकीट कात्रीने सरळ रेषेत कापते, फाडत नाही. पाच दिवस मी हेच बघत बसणार आहे. दार आठ हातांवर आहे आणि ते उघडत नाही. इथे आत बरं वाटतं असं मी तुला कुठल्या तोंडाने लिहिलं होतं, कळत नाही.

ताई


९ डिसेंबर

बंडूदादा,

तुझा फोन मी उचलला नाही. वाजत होता तेव्हा तूच असणार हे कळलं. ताईने काहीतरी बोलायला सांगितलं असेल आणि तुला खोटं धड बोलता येत नाही, तेव्हा दोघांचाही त्रास वाचवला.

पाकीट पाच तारखेला मिळालं. निवेदन वाचलं, वहीची पानं वाचली. अक्षर ताईचंच. त्या वर्षी ती ळ असाच काढायची, शेपटी वर नेऊन.

चार दिवस मी काही काम केलं नाही. लोक कपडे न्यायला आले, मी परत पाठवले. ताईचा राग आला का, तर आला. पण तो नंतर आला. आधी भाऊ आठवले. ते विचारत होते आणि मी गेले नाही. आई गेल्यावर त्यांनी मला दोन वेण्या घालायला शिकून घेतलं होतं, आणि मी त्यांना माझ्या भेटीसाठी तहानलेलं जाऊ दिलं. पन्नास वर्षं मी चुकीच्या माणसाशी अबोला धरला. आता तो सोडायचा तर समोर कोणी नाही.

तुझा तो तक्ता पाकिटात होता. कुठे पन्नास, कुठे साठ, कुठे सत्तर. लिहिणाऱ्याचं सगळं त्यात आहे. जिच्याबद्दल लिहिलं तिच्यासाठी एकही रकाना नाही. मी तो दोनदा नीट बघितला.

सही केली आहे, कागद सोबत आहे. म्हणजे आता पुस्तक ताईचंही झालं, आणि ती असेपर्यंत तिच्या परवानगीशिवाय ते छापता येणार नाही, असं मला समजलं. बरोबर असेल तर तिच्याकडे परवानगी माग. ती देईल. दोघांची नावं घाल, आणि आठवं प्रकरण एकट्या ताईने लिहिलं, असं पहिल्याच पानावर छाप. भाऊंच्या नावावरून ते उतरलं पाहिजे. मला दुसरं काही नको.

तिला घराबाहेर काढणार आहे असं वाटत असेल तर तसं नाही. ती कुठे जाईल, आणि मी तरी कुठे जाईन? घर एकच आहे. बाराला ती येईल, मी दार उघडेन, जेवायला वाढेन.

धाकटी


२२ जानेवारी

बंडू,

परवानगी सोबत आहे. नाव पूर्ण घाल, नुसतं 'ताई' नको. तुला वाटलं असेल मी अडवेन. पुस्तक बंद ठेवायला कुलूप मीच घडवलं आणि किल्ली तिच्या हातात गेली.

बारा तारखेला सगळे आपापल्या पिशव्या घेऊन निघाले. मी अधीक्षकांना विचारलं, अजून एक दिवस राहू का. ते म्हणाले, बाई, आत ठेवायचा नियम आहे, राहू द्यायचा नाही. मग गेले घरी. तिने दार उघडलं, वाढलं. ठरवलेले शब्द मी सगळे बोलले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, अजून घेतेस का. आता महिना झाला. ती माझ्याशी बोलते, रोजच्यासारखं. बोलली नसती तर मला कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं असतं.

तुझी प्रुफं सोमवारी आली. मी एकटीच तपासणार होते. ती म्हणाली, तुमच्याकडे दोघी मिळून तपासतात ना, एक मोठ्याने वाचते आणि दुसरी मूळ प्रत धरून बसते. मूळ प्रत मी धरते. आणि माझी ती वही घेऊन टेबलाशी बसली.

सात प्रकरणं वाचून झाली. काल आठवं घेतलं. मी वाचत होते, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं नियमाप्रमाणे. राणी कपाटात आईच्या स्वेटरची बाही धरून विचारते, 'आई, भाजीत मीठ किती घालू?' इथे पाहुणे हसतात. तिथे तिने वहीवर बोट ठेवलं.

"मी हे विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "तू परत कधी येणार, असं विचारलं होतं. तुला सांगितलं होतं मी."

मला आठवत होतं. त्याला कोणी हसलं नसतं, म्हणून मी मीठ घातलं होतं.

"दुरुस्त करू?" मी विचारलं. पेन हातातच होतं.

"नको. तू लिहिलंस तसंच राहू दे," ती म्हणाली. "वाच पुढे."

मी वाचलं.

ताई